तीन टिंबं

आडव्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवताना ताईला जे लागायला हवं होतं, ते लागलं नाही.

ती पुन्हा वाकली. तंबूतल्या ताडपत्रीवर एक गुडघा टेकून तिनं हात गाडीच्या नाकाखाली कोपरापर्यंत आत घातला आणि सांगाड्याची पुढची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. गुळगुळीत. काचेसारखी. इथं तीन टिंबं होती, एका रांगेत, खिळ्याच्या टोकाएवढी. अगदी लहान असताना ती याच टिंबांवर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हणायला शिकली होती. बाबा स्वतःच्या हातानं घडवलेल्या प्रत्येक भागावर पंच ठोकून तशी टिंबं मारत. गाडी कुणाची का असेना, भाग केवढा का असेना. "उद्या कुणी ही उघडली तर त्याला कळलं पाहिजे, गाडी कुठं संपते आणि मी कुठं सुरू होतो," असं ते म्हणत. त्यात बढाई नसे. बाहेर पडताना दाराला कडी लावावी तितक्या सहज ते टिंबं मारत.

थोरलीत असे तेरा भाग होते. थोरली म्हणजे ही गाडी. ताईच्या जन्माआधी दोन वर्षं ती घरात आली, म्हणून आईनंच तिला ते नाव ठेवलं होतं, अर्ध्या रागानं. ठेंगणी, छप्पर नसलेली, दोन माणसांपुरती शर्यतीची गाडी. कारखान्यानं अशा सातच केल्या, आणि आता जगात तीन उरल्या होत्या.

स्टिअरिंगचा आधार. ब्रेकच्या पायपट्टीची बैठक. डावीकडचा तिरका दांडा. ताईचा हात जागा विसरला नव्हता, पण कुठंच काही लागेना. बाबांना जाऊन अकरा आठवडे झाले होते, आणि गाडीतूनही त्यांना कुणीतरी पुसून काढलं होतं.

साडेदहाला जुन्या गाड्यांच्या फेरीआधीची तपासणी होती. नऊ वाजून गेले होते.

"बाळ्या," तिनं हाक मारली.

तिचा भाऊ मागच्या चाकापाशी फतकल मारून बसला होता आणि चाकाच्या तारा टूथब्रशनं घासत होता. चाळिशी गाठलेला दातांचा डॉक्टर, पण घरात अजून बाळ्याच.

"टिंबं कुठं गेली?"

"कसली टिंबं?"

"सांगाड्यावरची. तीन-तीन होती ती."

बाळ्याचा चेहरा एकदम उजळला. "ती भोकं होय? सापडली नाहीत ना तुला? सापडणारच नाहीत! एकोणचाळीस होती, ताई. चार रविवार गेले. आधी खरवडून साफ केली, मग भरली, दिवा मारून घट्ट केली, पॉलिश, वरून रंगाचा हात. पेशंटच्या दातात भरतो ना, तेच मटेरियल. वीस वर्षं हलणार नाही."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "तू गाडीचे दात भरलेस?"

"मग काय, कीड लागली होती."

"प्रत्येक ठिकाणी तीनच, तीही ओळीत? कीड अशी रांग लावून येते का रे?"

टूथब्रश थांबला. बाळ्या लहानपणी गॅरेजात पाय ठेवत नसे. वंगणाचा वास आला की त्याला शिंकांची माळ लागे, आणि आई त्याला घरात ओढून नेई. बाबांच्या हाताखाली ताई वाढली होती, तो नव्हे.

"ती बाबांची खूण होती," ती म्हणाली. "जे त्यांनी नवं केलं, त्याच्यावरची."

"पण काका म्हणाले, कारखान्यातच पत्र्याला लागलेले ठोके आहेत, बुजवून टाक. म्हणाले, तुझा हात बारीक कामाचा आहे, तुलाच जमेल." हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज खाली आला. बाबांच्या गाडीतलं एखादं काम त्यालाच जमेल, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कुणीतरी "भिंगरी! भिंगरी!" अशी हाक मारत होतं, कॅमेरे चालू होते, आणि त्यातून वाट काढत काका तंबूत शिरले. एकोणसत्तर वर्षांचे, पांढऱ्या शर्यतीच्या पोशाखात, हातमोजे कमरेला खोचलेले. तरुणपणी वळणावर गाडी गरकन फिरवून पुन्हा सरळ काढायचे, म्हणून त्यांना लोक भिंगरी म्हणत. त्यांनी आयुष्यात एकदाही गाडी आपटली नाही, असं सगळ्यांना पाठ होतं.

"सहीचा कागद आला का?" त्यांनी विचारलं. ताईला नव्हे, बाळ्याला. बाबांनी थोरली ताईच्या नावावर ठेवली हे मृत्युपत्र उघडल्यावर कळलं, तेव्हापासून काका तिच्याशी सरळ बोलले नव्हते.

ताई उठून उभी राहिली. "टिंबं तुम्ही बुजवायला लावलीत?"

"सकाळी सकाळी चहा विचारायचा सोडून हे काय?"

"लावलीत की नाही?"

"लावली. मग?" काकांनी बॉनेटवरच्या चामडी पट्ट्यावर हात ठेवला. "सातांतली ही एकच अख्खी उरलीय, असं लोक इतकी वर्षं म्हणतायत. ज्या गाडीचा सांगाडा कारखान्यातून निघाला तसाच आहे, ती आज सगळ्यांच्या पुढं जाणार. फेरी तुझ्या बापाच्या नावाची आहे. त्याच्याच फेरीत त्याची गाडी शेपटीला उभी करायची का?"

"खोटं बोलून पुढं न्यायची?"

"खोटं कुणी बोलायला सांगितलंय? सांगाडा मूळचाच आहे, या कागदावर सही करायची फक्त."

"बाबांनी केली असती सही?"

"तुझा बाप जन्मभर गप्प बसला, बाई. गप्प बसणं आणि सही करणं यात काय मोठा फरक आहे?"

"म्हणूनच त्यांनी गाडी कधी तपासणीला आणली नाही," ताई म्हणाली. विचारलं की बाबा म्हणत, पुढच्या वर्षी बघू. इतकी वर्षं तिला तो कंटाळा वाटत आला होता.

बाळ्या दोघांच्या मधे आला. "ताई, झालं ते झालं. सही करून टाक ना. कुणाला कळतंय?"

"तुला कळतंय. मला कळतंय."

"अगं, पण काकांची शेवटचीच फेरी—"

"गाढवा, तुला वापरलं त्यांनी," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाळ्या दचकला. "बाबांचे एकोणचाळीस ठोके तुझ्याच हातानं पुसून घेतले."

बाळ्या काकांकडे वळला. "तुम्ही मला सांगितलं असतंत, तर..."

"तर तू भरली नसतीस."

"नसतीच भरली!"

"म्हणून नाही सांगितलं," काका शांतपणे म्हणाले.

बाळ्यानं टूथब्रश बादलीत टाकला आणि दोन पावलं चालून ताईच्या बाजूला येऊन उभा राहिला. काकांनी त्याच्या त्या दोन पावलांकडे बघितलं आणि जबडा आवळला.

"झालं सगळ्यांचं?" कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीतून आवाज आला. आई तिथं मघापासून बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "भावोजी, तुम्ही जरा बाहेर जा. लोक वाट बघतायत तुमची. बाळ्या, तूही जा."

"आई, पण—"

"जा म्हटलं ना."

दोघं गेले. तंबूचा पडदा हलून स्थिर होईपर्यंत आई थांबली.

"सही कर," ती म्हणाली.

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जन्मभर ज्या गाडीकडे आई सवतीसारखं बघत आली, तिच्यासाठी? "तू काकांची बाजू घेतेस?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. तू ते तेरा भाग लिहिलेस की ती तपासनीस बाई विचारणार, कशामुळे नवे केले. काय सांगशील?"

"गंज. बाबा गंज म्हणायचे."

"तुझ्या बाबांचा पाय कशानं मोडला?"

घरात सगळ्यांना माहीत होतं: इंजिन उचलायची साखळी तुटली आणि इंजिन पायावर आलं. ताई तेव्हा तीन वर्षांची होती. प्लास्टरवर तिनं खडूनं रेघोट्या मारल्या होत्या.

"तेव्हा गॅरेजात साखळी नव्हतीच," आई म्हणाली. "ती नंतर आणली, सांगायला काहीतरी हवं म्हणून. भावोजी चालवत होते, हे शेजारी बसले होते. इथंच, खालच्या भिंतीच्या वळणावर. सकाळी सराव करायला दोघं भाऊ हसत गेले आणि दुपारी मला इस्पितळातून निरोप आला. नळ्या आत घुसल्या होत्या, त्यात पाय अडकला." तिनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली. "त्या हंगामात गाडी हे चालवणार होते. नाव दिलेलं होतं ह्यांनी. मग पाय गेला, आणि नाव भावोजींचं लागलं."

बाहेर कुठल्यातरी गाडीचं इंजिन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. ताईला बाबांची चाल आठवली, एक पाय टाकायचा, एक ओढायचा. गॅरेजाच्या फरशीवर त्याची एक लांबट घासलेली वाट पडली होती.

"शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय बोलले, ठाऊक आहे? म्हणाले, त्याचं नाव कुणापाशी काढू नकोस. सव्वीस वर्षांचा आहे, खचेल तो. मी नाही काढलं. त्रेचाळीस वर्षं."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. भावोजी जेवायला बसले की रोज यायचा." आईनं वर बघितलं. "पण ह्यांनी शब्द घेतला होता. आता तो तू मोडू नकोस."

ताई गाडीला टेकून उभी राहिली. तिला बाबांचा राग आला, आणि गेलेल्या माणसाचा राग कुणावर काढायचा असतो ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तपासनीस बाई दहा मिनिटं आधीच आल्या. सडपातळ, पन्नाशीच्या, कपाळावर दिवा बांधलेला, गळ्यात भिंग. त्यांच्यामागून काका आणि बाळ्या आत आले. काका पडद्यापाशीच थांबले.

"तुमच्या वडिलांची मी भेट घ्यायला हवी होती, राहून गेलं," बाई म्हणाल्या. "त्यांनी दुरुस्त केलेल्या आठ गाड्या मी तपासल्यात. मी शिकत होते तेव्हा आमचे साहेब सांगायचे, तीन टिंबं दिसली की निश्चिंत व्हायचं, तो माणूस काही लपवत नाही."

त्यांनी ताडपत्रीवर चटई अंथरली आणि गाडीखाली सरकल्या. गाडीखालून उजेड फिरत होता, मधेच थांबत होता, भिंगाची कड नळीवर टकटक वाजत होती. बाळ्या स्वतःच्या बोटांकडे बघत होता. पुढच्या नळीपाशी उजेड बराच वेळ थांबला. काकांनी घाम पुसला. उजेड पुढं सरकला.

वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि चटई झटकत उठल्या. चेहऱ्यावर कौतुक होतं.

"एकही नाही. खरं सांगू का, पुढच्या नळीबद्दल मला शंका होती, सांधा जरा निराळा वाटला. पण त्यांची टिंबं नाहीत म्हणजे त्यांनी तिथं काही केलेलं नाही, याहून मोठा पुरावा कुठला?" त्यांनी फळीवर लावलेलं घोषणापत्र पुढं केलं. "इथं सही करा. पहिल्या रांगेत लावा गाडी."

काकांनी सोडलेला श्वास ताईला ऐकू आला. तिनं पेन घेतलं. आईचे हात पर्सवर घट्ट होते. कागदावर एकच ओळ होती, सोपी, आणि खाली रिकामी जागा. सही तिची असणार होती, पण साक्ष बाबांची होती. ज्या माणसानं आयुष्यभर टिंब न् टिंब मारलं, त्याच्याच टिंबांच्या जोरावर हे खोटं उभं राहणार होतं. आईकडून त्यांनी शब्द घेतला होता तो माणसाबद्दल. नळीबद्दल त्यांनी कुणाकडून काही शब्द घेतला नव्हता. उलट तिच्यावर सगळं लिहून ठेवलं होतं.

"थांबा, मॅडम," ती म्हणाली. "बाळ्या, काढ."

"काय?"

"भरलंस ते. पुढच्या नळीवरचं."

बाळ्यानं आईकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही. त्याच्या पिशवीत हत्यारांची गुंडाळी असेच. त्यानं ती ताडपत्रीवर सोडली, चष्मा चढवला आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली आडवा झाला.

"मॅडम, जरा दिवा धरता का? माझ्या दवाखान्यात पेशंट निदान तोंड तरी उघडतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरचा दिवा सोडवून खाली धरला. बॅटरीवरच्या ड्रिलची बारीक घरघर सुरू झाली, जळक्या रंगाचा वास सुटला. पहिलं भरण निघालं, मग दुसरं. तिसरं चिवट निघालं. बाळ्या स्वतःच्याच कामाला शिव्या देत होता. मग त्यानं नळीवर फुंकर मारली आणि बाजूला झाला.

बाई भिंग लावून नळीपाशी वाकल्या. "अशी किती?"

"तेरा भाग आहेत," ताई म्हणाली, आणि एकेक सांगत गेली. कागद लागला नाही. पुढची नळी, डावा तिरका दांडा, उजवा तिरका दांडा, स्टिअरिंगचा आधार. बाई लिहीत होत्या. तेरावा लिहून झाल्यावर त्यांनी खालचा रकाना पेनानं दाखवला.

"कारण? गंज की अपघात?"

आईनं डोळे मिटले. ताईनं शब्द जोखून घेतले. त्यातला एकही खोटा नको होता. "बाबांनी ते कुठंही लिहून ठेवलेलं नाही."

"मग कारण अज्ञात, असं लिहिते."

"खोडा ते."

काका पडद्यापासून पुढं आले होते. चेहरा लाल झाला होता, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते सरळ ताईकडे बघत होते.

"दया करतेस माझ्यावर? तू? त्रेचाळीस वर्षं तुझ्या बापानं केली, ती पुरली नाही का? रोज लंगडत यायचा आणि मला विचारायचा, गाडी कशी पळतेय, ब्रेक ठीक आहे ना, काही हवंय का. एकदा शिवी द्यायची होती! एकदा थोबाडीत मारायची होती! जिंकून आलो की पहिला टाळ्या वाजवायला हाच." त्यांचा आवाज फाटला. "मी ती टिंबं रोज बघत होतो, बाई. गाडीत बसायला वाकलो की पायपट्टीवरची समोर. म्हणून बुजवली. पहिल्या रांगेसाठी नाही बुजवली."

"भावोजी," आई म्हणाली.

"नाही वहिनी, आता नाही." ते तपासनीस बाईंकडे वळले. "लिहा. अपघात. भिंतीचं वळण. चालवणारा मी. शेजारी माझा मोठा भाऊ. चूक सगळी माझी, तेही लिहायचं असेल तर लिहा."

"त्याला रकाना नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी लिहिलं तेवढं लिहिलं, कागद ताईपुढं धरला. ताईनं सही केली. पेन कागदावरून उचलल्यावर तिला दिसलं की आपण अक्षर बाबांसारखं काढलंय, शेवटची वेलांटी उंच नेऊन.

सतरा गाड्या होत्या. थोरलीला सतरावी जागा मिळाली.

ध्वनिक्षेपकावरून नवी रांग जाहीर झाली तेव्हा मैदानावर कुजबुज उठली आणि कॅमेरे पुढच्या लाल गाडीकडे गेले. ताईनं आणि बाळ्यानं गाडी तंबूतून ढकलत शेवटच्या जागी आणली. काका मागून चालत आले. त्यांनी कमरेचे हातमोजे काढले आणि ताईपुढं धरले.

"तुझी आहे. तू चालव."

ताईनं ते घेतले नाहीत. घ्यावेत की नाही, हे तिला ठरवता येईना. पुढच्या गाड्या एकेक करून सुरू होत होत्या, निळा धूर मागं येत होता.

"हिला दार कुठं आहे?" आईनं विचारलं.

तिघांनीही वळून बघितलं. आईनं पर्स बाळ्याच्या हातात दिली होती आणि ती गाडीच्या डाव्या अंगाला उभी होती.

"दार नाहीये, आई. वरून पाय टाकून चढतात," बाळ्या म्हणाला. "पण तू कशाला—"

"खांदा दे."

बहात्तराव्या वर्षी आईनं एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि पाय आत टाकला. एवढ्या वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती. फेऱ्यांना नाही, फोटोला नाही, गॅरेजात उभी असतानाही नाही. ती शेजारच्या जागेत नीट टेकून बसली, चष्मा काढून मुठीत धरला आणि समोर बघत म्हणाली, "भावोजी, चौदावी निघाली."

"वहिनी, माझ्याच्यानं नाही होणार."

"मग कुणाच्यानं होणार? मला का येतं चालवायला?"

काका उभेच राहिले. पंधरावी निघाली. मग त्यांनी हातमोजे न घालताच कडेला धरून पाय आत टाकला आणि ते आईशेजारी बसले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. काकांनी किल्ली फिरवली, मान हलवली. या गाडीला ढकलूनच सुरू करावं लागे.

ताईनं आणि बाळ्यानं मागच्या उतरत्या पत्र्यावर तळहात टेकले. पत्रा उन्हानं तापला होता. पहिल्या चार पावलांना गाडी जड गेली, मग चाकांनी जोर धरला, बाळ्या धापा टाकत काहीतरी ओरडला, आत काकांनी क्लच सोडला, आणि इंजिन दोनदा खोकून एकदम लागलं. हातांखालचं वजन गेलं. आईचे पांढरे केस वाऱ्यानं सुटले. तिनं ते सावरले नाहीत, मागंही बघितलं नाही.

बाळ्या थांबून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. गाडीला आता ढकलायची गरज नव्हती. तरी ताई हात पुढं धरून आठ-दहा पावलं तशीच मागं धावत राहिली.